वंशावळ शोधायचीय? कोकणातल्या लोकांकडून सारखे येणारे प्रश्न

आमच्या भावकीची वंशावळ लिहायला घेतल्यापासून कोणी ना कोणी काहीतरी विचारत असतं. गणपतीत आणि मे महिन्यात तर रांगच लागते, कारण चाकरमानी गावी आलेले असतात, माळ्यावरची ट्रंक उघडली जाते आणि मग व्हॉट्सॲपवर पिवळ्या कागदांचे फोटो सुरू होतात, "हे काय लिहिलंय सांगा ना". बरेचसे प्रश्न तेच तेच असतात म्हणून उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतोय. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत सांगितलेलं नाही, फक्त नंबर दिलाय, तिकडे जाऊन वाचा.

१. मला आजोबांच्या पुढचं नावच माहीत नाही. सुरुवात कुठून करू?

घरातून. तहसील कचेरीतून नाही. लोक आधी सातबारा काढायला धावतात आणि हातात पंधरा नावं आली की कोण कोणाचं ते कळत नाही म्हणून गप्प बसतात. कागद नाव देतो, नातं माणूस सांगतो. आधी एका वहीत स्वतःपासून वर जा: तुम्ही, आईवडील, दोन्हीकडचे आजीआजोबा, आणि प्रत्येकाचं गाव, वाडी, साधारण जन्मसाल, कधी वारले, कुठे वारले. जे माहीत नाही तिथे जागा सोडा, अंदाजाने भरू नका. पेन्सिलने लिहा म्हणतो मी लोकांना, हसतात, पण नंतर खोडरबर लागतोच.

आणि हिंदू घर असेल तर घरात पितृपक्षात म्हाळ कोण घालतं ते बघा. म्हाळाला बाप, आजा, पणजा अशी तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात, आई-आजी-पणजीची आणि आईच्या माहेरच्या तिघांची पण घेतात. म्हणजे ज्याला "पणजोबांचं नाव माहीत नाही" तो दरवर्षी ते नाव ऐकत असतो, फक्त लक्ष नसतं. बऱ्याच घरांत ही नावं कागदावर लिहून देवघरात ठेवलेली असतात, नाहीतर भटजींच्या वहीत असतात.

२. म्हातारी माणसं नीट सांगत नाहीत, "माका काय ठावक नाय" म्हणतात. विचारायचं कसं?

"आपली वंशावळ सांगा" असं विचारलंत तर कोणीच सांगणार नाही, मीही नाही सांगणार. ती काय परीक्षा आहे का. वस्तू दाखवा, फोटो दाखवा, भाताची खाचरं कोणाकडून कोणाकडे गेली ते विचारा, वाटणीचं भांडण विचारा. भांडणात नातं अगदी अचूक सांगितलं जातं, "तो माझ्या चुलत सासऱ्याचा धाकटा, त्याने आगराची वाट अडवली" या एका वाक्यात दोन पिढ्या मिळतात.

साल कोणाला आठवत नाही पण प्रसंग आठवतात. रामदास बोट बुडाली तेव्हा तुम्ही केवढ्या होता? ती १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बुडाली, सहाशेवर माणसं गेली, किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना अजून ठाऊक असते. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७. गांधींचा खून ३० जानेवारी १९४८. गिरणी संप जानेवारी १९८२. त्याच्याही मागे जायचं तर त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलेलं विचारा: १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, १८९६ चा मुंबईतला प्लेग, ज्यात मुंबईतली माणसं लोंढ्याने गावी परत आली. "आमचा पणजा प्लेगात गावी आला तो परत गेलाच नाही" असं एका आजीने सांगितलं त्यावरून मी मृत्यूची नोंद कुठल्या पाच वर्षांत शोधायची ते ठरवलं आणि सापडली.

मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण विचारून. आणि एकाच बैठकीत सगळं काढायला जाऊ नका, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला जास्त आठवतं. दोन म्हाताऱ्या एकत्र बसल्या तर सोन्याहून पिवळं, एकमेकींना दुरुस्त करतात.

३. भावकी म्हणजे नक्की कोण कोण? गावात एकाच आडनावाची चाळीस घरं आहेत, सगळे आमचेच का?

असतीलच असं नाही. एक साधी कसोटी सांगतो, कोणाचं सुतक कोणाला येतं? दहा दिवसांचं सुतक धरणारी घरं जवळची, तीन दिवसांचं धरणारी लांबची पण मूळ एक, आणि अजिबात न धरणारी असतील तर आडनाव एक असलं तरी घराणं वेगळं असू शकतं. शास्त्रात सात पिढ्यांपर्यंत सपिंड मानतात त्यावर हे बसलेलं आहे, गावागणिक थोडा फरक पडतो, पण कागद नसताना पिढ्यांचा अंदाज बांधायला यासारखं दुसरं काही नाही.

बाकीच्या खुणा म्हणजे कुळस्वामी कोणता, देवक कोणतं, शिमग्यात पालखी पहिली कोणाच्या अंगणात येते, गावऱ्हाटीत (गावदेवाच्या कामाच्या परंपरेत) मान कोणाचा, थोरलं घर कोणतं. आणि लग्न होतं का आपसात हे तर आहेच. होत असेल तर एक घराणं नव्हे.

४. सरकारी कागदांत कोणकोणते कागद मागायचे? सातबारा काढला पण त्यात काहीच नाही.

सातबारा हा फक्त दरवाजा आहे. त्याच्यावर गोल करून जे आकडे लिहिलेले असतात ते फेरफार नंबर, फेरफार म्हणजे जमिनीवरचं नाव बदललं की होणारी नोंद, खरी गंमत तिथे. फेरफाराच्या वारस नोंदीत लिहिलेलं असतं की अमुक इसम अमुक तारखेस मयत, त्याला वारस मुलगे अमुक अमुक, मुली अमुक अमुक, पत्नी अमुक. एका नोंदीत अख्खं कुटुंब. तो फेरफार वाचा, त्यात आधीच्या फेरफाराचा नंबर असेल तो काढा, मग त्याच्या आधीचा, अशी पायरी पायरीने खाली उतरायची विहीर आहे ही. हक्कनोंदीचा कायदाच १९०३ चा, त्यामुळे त्याच्या मागचे फेरफार शोधत बसू नका, तिथे दुसरे कागद लागतात.

दुसरा कागद गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. जन्ममृत्यूच्या नोंदी, बापाचं नाव, जात, आणि मृत्यूचं कारण. पटकी (कॉलरा), देवी, ताप. सलग पानं वाचताना एकाच वाडीतली चार मुलं आठवड्याभरात "देवी" ने गेलेली दिसतात तेव्हा जरा थांबायला होतं. हे जुने रजिस्टर तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, अर्ज करून नक्कल मागायची.

तिसरा शाळेचा जनरल रजिस्टर. गावची मराठी शाळा जुनी असेल तर आजोबांचं, कधी कधी पणजोबांचं नाव, जन्मतारीख (ती बहुतेक वेळा मास्तरांनी ठोकून दिलेली, १ जून दिसली की समजा), जन्मगाव, जात. शाळेतले गुरुजी सहसा चांगले असतात, शनिवारी अर्ध्या दिवसानंतर गेलात तर शांतपणे कपाट उघडून देतात.

चौथं, उपनिबंधकाकडचे दस्त: खरेदीखत, वाटणीपत्र, गहाणखत. आणि भूमी अभिलेख कार्यालयातला जुना मोजणीचा कागद. काही जिल्ह्यांचे जुने उतारे स्कॅन करून "आपले अभिलेख" या सरकारी साईटवर टाकलेत, आपल्या तालुक्याचं किती चढलंय ते आधी तिथे बघून मग कचेरीत जा, एक खेप वाचते.

५. कचेरीत "रेकॉर्ड जीर्ण आहे, मिळणार नाही" सांगितलं. आता?

तोंडी नका घेऊ. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि लेखी उत्तर मागा, माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा त्यासाठीच आहे. मला एका कचेरीत (कुठली ते सोडा) तीन वेळा सांगितलं उंदरांनी खाल्लं, चौथ्या वेळी दुसरा कारकून होता, त्याने दहा मिनिटांत गठ्ठा काढून दिला, उंदीर कुठे गेले कोणास ठाऊक. पण खरंच गेलेलं असतंही, आमच्याकडचा पाऊस आणि वाळवी काय चीज आहे ते तुम्हाला सांगायला नको. मग त्याच माणसाचा वेगळ्या कचेरीतला कागद शोधायचा, फेरफार नाही तर शाळा, शाळा नाही तर दस्त.

६. "बिन", "कोम", "अ.पा.क.", "ए.कु.मॅ." हे काय असतं?

बिन म्हणजे अमक्याचा मुलगा: सखाराम बिन राघो, सखारामचा बाप राघो. वलद म्हणजे पण तेच, मुसलमान नावांत जास्त दिसतं. कोम किंवा भ्रतार किंवा मर्द म्हणजे अमक्याची बायको, गंगा कोम रामा. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, मुलगा लहान असताना जमीन त्याच्या नावावर आली आणि पालक म्हणून आई किंवा काका लागला. हे सापडलं तर खूश व्हा, कारण बाप तरुणपणी गेला हे त्यातून कळतं आणि आईचं नाव मिळतं. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे नाव एकाचं पण जमीन सगळ्या भावांची. इथे लोक हमखास फसतात, एकच नाव बघून "आमच्या पणज्याला भाऊ नव्हता" असं ठरवून मोकळे होतात.

७. कागद मोडीत आहे, कोणाकडून वाचून घेऊ?

मोडी साधारण १९५० पर्यंत चालली, त्यामुळे आजोबांच्या पिढीचे कागद मोडीत असणारच. वाचणारे आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी विचारा, पण माझा सल्ला असा की अर्धवट का होईना स्वतः शिका. पूर्ण शिकायची गरज नाही, तुमचं आडनाव, गावाचं नाव, "बिन", "मयत", "वारस", आकडे आणि महिने एवढं ओळखता आलं तरी शंभर पानांतली कामाची चार पानं तुम्हीच वेगळी काढाल आणि तेवढीच वाचकाला द्याल. पैसे वाचतात. शिवाय मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा आणि शब्द तोडायचा भरवसा नसतो, तेव्हा गावातल्या वाड्यांची नावं ठाऊक असलेला माणूस शेजारी हवा, बाहेरच्या वाचकाला ती लागत नाहीत.

८. शके, फसली, सुहूर असं लिहिलंय. आपलं साल कसं काढायचं?

शकेत ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतची तारीख असेल तर ७९. म्हणजे शके १८४० हे १९१८-१९. फसली आपल्या बाजूची असेल तर ५९० मिळवा. सुहूर सन, ज्याला अरबी साल पण म्हणतात, त्यात ५९९ मिळवा, पेशवाईतल्या कागदांवर दिसतो, तिथे आकडे नसून "सबैन", "समानीन" असे अरबी शब्द असतात ते कोष्टक बघून लावायचे. सालात एखाद्या वर्षाचा फरक पडला तर डोकं आपटू नका.

९. आमची स्वतःची जमीनच नव्हती. आमचं नाव कुठे मिळणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात कमी वेळा नीट उत्तर मिळतं, म्हणून जरा लांबण लावतो.

कोकणात, विशेषतः रत्नागिरी आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यात, खोती होती. सारा खोत भरायचा आणि जमीन कसणाऱ्या कुळांकडून वसूल करायचा. पण म्हणून कुळं कागदावर नाहीत असं नाही, १८८० च्या खोती कायद्याखाली बोटखत नावाची नोंद असायची त्यात कोण कूळ काय धारा देतं ते असायचं. खोती गेली १९४९ च्या कायद्याने. त्याआधी डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं होतं. मग कूळ कायदा, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी जो कसत होता तो मालक मानला गेला, आणि त्या सगळ्या केसेस चालल्या. त्या फायलींत जबाब आहेत. "माझा बाप आणि आजा ही जमीन कसत होते" असा तुमच्या आजोबांचा अंगठा लावलेला जबाब असतो तिथे. मी तर म्हणेन मालकाच्या सातबाऱ्यापेक्षा कुळाची फाईल जास्त बोलते.

महार वतन असेल तर वतनाच्या नोंदीत वाटेकऱ्यांची नावं मिळतात, गावकामगार वतनं रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने, त्या वेळचे कागद शोधा. पलटणीत कोणी होतं का विचारा, पेन्शनचे कागद लोक जपून ठेवतात. दापोलीला अजून जुनी माणसं कॅम्प दापोली म्हणतात, तिथे पेन्शनर सैनिकांची वस्ती होती.

आणि मुंबई. गिरणीचं ओळखपत्र, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, जुनं रेशनकार्ड, गावच्या मंडळाच्या खोलीतली वर्गणीची वही. गिरणगावात गावोगावच्या खोल्या होत्या ना, एका खोलीत वीस-तीस गडी, त्या मंडळांच्या वह्यांत कोण कोणाच्या ओळखीने आला, वर्गणी किती, मयतीला मदत किती, सगळं आहे. त्या वह्या आत्ता कोणाच्या तरी सोफ्याखाली असतील, रद्दीत जायच्या आधी फोटो काढा.

१०. आजोबांचं आडनाव कागदावर वेगळंच आहे. माणूस चुकीचा तर नाही ना?

बहुतेक बरोबर आहे. आडनाव ही आपल्याकडे फार पक्की गोष्ट नव्हती. जुन्या नोंदीत कित्येकदा आडनावच नसतं, फक्त नाव, बापाचं नाव आणि जात. मुंबईत गेल्यावर गावाच्या नावाला "कर" लावून नवीन आडनाव झालं आणि गावी जुनंच राहिलं, असं घराघरात आहे. सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण घ्या: मंडणगड तालुक्यातलं आंबडवे गाव, घराण्याचं आडनाव सकपाळ, गावावरून आंबडवेकर, आणि शाळेत ते झालं आंबेडकर. एकाच घरात दोन भावांची आडनावं वेगळी असलेली मी पाहिलीत, एकाने हुद्द्याचं ठेवलं, एकाने गावाचं.

खात्री कशी करायची? तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: बापाचं नाव, वाडी किंवा जमिनीचा नंबर, आणि भावाबहिणींपैकी एक तरी नाव. दोन जुळली तर पेन्सिल, तीन जुळली तर पेन.

११. तेच तेच नाव परत येतंय, सदाशिव बाळकृष्ण, मग बाळकृष्ण सदाशिव, मग परत सदाशिव बाळकृष्ण. कोण कुठला?

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे एकाआड एक पिढीत नाव येतं. आणि चार भावांनी प्रत्येकी आपल्या मुलाला तेच नाव ठेवलं तर एकाच वेळी चार सदाशिव. मी यात एकदा सपशेल तोंडघशी पडलोय, एका सदाशिवाची मृत्यूची तारीख दुसऱ्याला लावली आणि त्याला स्वतःच्या मुलाच्या जन्माआधी सहा वर्षं मारून टाकलं, हे आमच्या आत्याने भर गणपतीत सगळ्यांसमोर दाखवून दिलं. तेव्हापासून प्रत्येक नावापुढे बायकोचं नाव लिहितो. नवरे सारखे असतात, बायका सारख्या नसतात. घरातली टोपणनावं पण लिहा, आप्पा, तात्या, भाऊ, बाबल, कारण म्हातारी माणसं त्याच नावाने सांगतात. पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरून हिशोब घाला, कुठे ऐंशी वर्षांची उडी दिसली तर मधला एक सदाशिव हरवलाय.

१२. बायकांची नावं वंशावळीत नाहीतच. ती कुठून आणायची?

लिहिणारे पुरुष होते म्हणून नाहीत, दुसरं काही कारण नाही. लग्नात आडनाव बदललं, नाव पण बदललं, मग माहेरची ती आणि सासरची ती एकच हे सांगणारं कोणी उरत नाही. माझं मत स्पष्ट आहे, मुली आणि सुना वगळलेली वंशावळ अर्धी असते, आणि चुकीचीही असते, कारण वर म्हटलं तसं (प्र. ११) बायकोच्या नावाशिवाय सदाशिव ओळखताच येत नाही.

मिळायच्या जागा: वारस फेरफार (प्र. ४), अ.पा.क. नोंद (प्र. ६), म्हाळाची यादी (प्र. १). आणि एक जागा कोणी बघत नाही ती म्हणजे भांडी. तांब्यापितळेच्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती, कोणी दिलं, कोणाला दिलं, तारीख. आमच्याकडे एका पितळी डब्यावर "मामांकडून" आणि तारीख एवढंच आहे, त्यावरून आजीच्या आईचं लग्नाचं साल आणि माहेरचं आडनाव दोन्ही मिळालं, कारण खाली दुकानदाराने मामांचं आडनाव बारीक अक्षरात घातलं होतं. भंगारवाल्याला मोड देण्याआधी बुडं बघा.

माहेरच्या गावी जा. तिथल्या म्हाताऱ्यांना "तुमच्याकडची कोण आमच्या गावी दिली?" असं विचारा. दिलेल्या मुली लक्षात असतात त्यांच्या.

१३. आमचे मूळपुरुष गोव्याहून आले असं सांगतात. खरं असेल का?

असू शकतं, पण ती गोष्ट सगळेच सांगतात. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून कुटुंबं बाहेर पडली हे खरंच आहे, देव सुद्धा हलले, मंगेश १५६० मध्ये कुशस्थळीहून प्रियोळला आला. गोव्यातलं इन्क्विझिशनही १५६० चं. पण कुळदेवता गोव्यात आहे एवढ्यावर "आम्ही बाटाबाटीत पळून आलो" असं ठरत नाही, व्यापाराला आलेले, वतनावर आलेले, नुसते शेतीला आलेले पण आहेत.

पडताळायचं तर देवळापासून सुरुवात करा, गोव्यातल्या देवळांत महाजन (देवळाच्या मानकरी घराण्यांतले लोक) असतात, त्यांची यादी असते, तुमचं आडनाव किंवा मूळ गाव त्यात लागतं का बघा. गावकारीची (कोमुनिदाद, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) गावकरांची नोंद दुसरी. पणजीचं पुराभिलेख खातं १५९५ पासूनचं, पण कागद पोर्तुगीजमध्ये, त्यामुळे गाव आणि काळ पक्का असल्याशिवाय तिथे जाऊन उपयोग नाही.

१४. आणि "पूर्वज शिवाजी महाराजांच्या आरमारात होते"? "आंग्र्यांचे सरदार होते"?

सनद, इनामपत्र, वतनाचा कागद असेल तर दाखवा, नसेल तर वहीत "असं सांगतात" म्हणून लिहा. हसण्यावारी नेऊ नका आणि छातीठोकपणे छापूही नका. इनामं तपासायला इंग्रजांनी १८५२ चा इनाम कमिशनचा कायदा केला, त्या चौकशीत बऱ्याच घराण्यांना कैफियती (इनाम कसं मिळालं त्याची लेखी हकीकत) द्याव्या लागल्या. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, मोडीतलं, समुद्रासारखं, त्यात हात घालताना गाव, नाव आणि अंदाजे साल हवंच.

१५. आमचं गाव आधी कुठल्या जिल्ह्यात होतं ते कसं कळणार?

हे बघणं फार गरजेचं आहे, नाहीतर चुकीच्या कचेरीत खेपा घालाल. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, त्याआधी सगळं रत्नागिरी. कुलाब्याचं रायगड पण १९८१ लाच झालं. मालवण, देवगड, वेंगुर्ले हे इंग्रजी मुलखात होते, पण सावंतवाडी, कुडाळ, बांदा हे सावंतवाडी संस्थानात, ते १९४८ मध्ये विलीन झालं. मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन जंजिरा संस्थानात, ते पण १९४८. अलिबागकडे आंग्र्यांचं राज्य १८४० पर्यंत. गावची जुनी माहिती हवी असेल तर १८८० चं रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियर आणि १८८३ चं कुलाबा-जंजिरा गॅझेटियर वाचा, तुमच्या पूर्वजांचं नाव नाही मिळणार पण गावात तेव्हा काय पिकत होतं, बंदर होतं का, कोण राहायचं ते कळेल.

१६. नाशिकच्या भटजींकडे आपली नावं असतात म्हणे?

असतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया, तीर्थोपाध्यांच्या वह्यांत. तुमचं आडनाव आणि मूळ गाव सांगायचं, मुंबईचा पत्ता नाही. कोण आला, कधी आला, बरोबर कोण होतं, सहीसकट, कधी कधी पणजोबांच्या हातची सही बघायला मिळते. दक्षिणा आधी ठरवून घ्या. पण एक लक्षात घ्या, जो तीर्थाला गेला त्याचंच नाव, आणि त्या काळी तीर्थाला जाणं सगळ्यांच्या ऐपतीचं नव्हतं.

१७. आम्ही मुसलमान / ख्रिस्ती / बेने इस्राएल आहोत, आमचं कुठे?

जमीन, शाळा, कोतवाल बुक सगळ्यांना सारखंच, ते प्र. ४ मध्ये आलं. त्याशिवाय मुसलमान घरांत निकाहनामे आणि जमातीची वही, आणि बाहेरदेशी गेलेल्यांचे कागद, रत्नागिरीकडची कुटुंबं पार केपटाऊनपर्यंत पोचलीत, तिकडच्या नातेवाइकांकडे इथलेच जुने कागद निघतात. ख्रिस्ती घरांना चर्चचं बाप्तिस्मा रजिस्टर, त्यात आईबाप आणि धर्ममातापिता दोन्ही असतात, ही चैन बाकीच्यांना नाही. बेने इस्राएल (कोकणातले ज्यू) लोकांची आडनावंच गाव सांगतात, पेणकर, रोहेकर, किहीमकर, तेव्हा अलिबाग-पेण-रोहा पट्ट्यातल्या त्या त्या गावात जुन्या कबरींवरची नावं आधी वाचा.

१८. छापील कुलवृत्तांत आहे आमच्या घराण्याचा. तो खरा धरू ना?

विसाव्या शतकात बऱ्याच घराण्यांचे छापले गेले, चित्पावनांचे तर भरपूर. मेहनतीचं काम आहे, पण ज्यांनी पत्राला उत्तर पाठवलं त्यांचीच शाखा त्यात आली. तुमची शाखा नसेल तर तुम्ही त्या घराण्याचे नाही असं नाही. मागच्या दोन पिढ्या तपासून बघा, त्या बरोबर निघाल्या तर वरच्यांवर जरा भरवसा ठेवा.

१९. पणजोबा दत्तक गेले होते. मग कुठली बाजू लिहू?

दोन्ही. दत्तक घराची रेघ सरळ, जन्मघराची तुटक. सुतक दत्तक घराचं धरलेलं असतं म्हणून प्र. ३ ची कसोटी इथे फसवते, सावध.

२०. शोधताना भलतंच निघालं. दुसरं घर होतं, कोणीतरी जहाजावरून परत आलाच नाही, एकीला घराबाहेर काढलं होतं. लिहायचं का?

तुमच्या वहीत लिहा. भावकीच्या ग्रुपवर टाकू नका. ज्यांची मुलं-नातवंडं आज हयात आहेत त्यांना आधी एकट्याला गाठून विचारा. एका घरात मी पन्नास वर्षं न बोललेलं नाव सापडवलं, ज्या आजीला विचारलं ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "लिव. पण मी गेल्यावर वाच." तसंच केलंय. ते पान अजून बंद आहे.

२१. हीच वंशावळ जातीच्या दाखल्याला चालेल का?

नुसती चालणार नाही. तिथे वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते, वडिलांकडच्या बाजूची, आणि प्रत्येक कडीला पुरावा लागतो. त्यात मानीव तारखा आहेत: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७, त्याच्या आधीचा कागद मजबूत. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे अभिलेख कक्षांत गर्दी वाढलीय आणि जुन्या नोंदींना एकदम भाव आलाय, तेव्हा एजंटाकडून कागद घेऊ नका, स्वतः नक्कल काढा. खाडाखोड किंवा वेगळ्या शाईची नोंद दिसली तर ती वापरू नका, अंगाशी येतं.

२२. गावात आमचं कोणीच उरलं नाही, घर पण पडलंय. काही होईल का?

शेजाऱ्याला विचारा. घराला कुलूप लागलं तरी आंब्याची राखण कोणीतरी करतंच, त्याला सगळं ठाऊक असतं. देवळात गुरवाला विचारा, तुमच्या घराचा नारळ कोण देतं. पोस्टमनला विचारा. वाण्याला विचारा. घराच्या जोत्यावर, तुळशीवृंदावनावर, विहिरीच्या कठड्यावर साल किंवा नाव कोरलेलं असतं, झाडी काढून, पाणी मारून, तिरप्या उन्हात फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात.

२३. तुम्ही आमची करून द्याल का? पैसे किती?

नाही देणार करून, तुमच्या आजीशी तुम्हीच बोलायचं. कागद वाचायला मदत करतो, पैसे नाहीत. फक्त फोटो पाठवताना पूर्ण पान येऊ द्या, चारी कडा दिसल्या पाहिजेत, मागची बाजू पण पाठवा, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता फोटो पाठवला की व्हॉट्सॲप त्याचा चिखल करतं. गाव आणि तालुका लिहा. "हे वाचून द्या अर्जंट" असं लिहिलेले मी सगळ्यात शेवटी वाचतो.